लंबकामागचं बिऱ्हाड

गुरुवारकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि टपाल टाकणाऱ्याला. बाकी सगळी गल्ली त्यांना गुरुवारकाकाच म्हणायची. गेली एक्केचाळीस वर्षं त्यांच्या काउंटरवर कुणी कसलंही घड्याळ ठेवलं, की डोळ्यावरचं भिंग न काढता ते एकच शब्द बोलत, "गुरुवारी." गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन जाई आणि गुरुवारी घड्याळ घेऊन जाई. उद्या नाही, परवा नाही, आणि "बघू, होऊन जाईल" तर मुळीच नाही. "बघू" हा शब्द दुकानात कुणी काढलाच, तर काका त्याच्याकडे असे बघत की तो माणूस कारण नसताना माफी मागून मोकळा व्हायचा.

त्या गुरुवारामागे विचार होता बरं का. भिंतीवरचं जुनं घड्याळ एकदा चावी भरली की आठ दिवस चालतं. बुधवारी सकाळी चावी भरायची, ते पुढच्या गुरुवारी सकाळपर्यंत कुरकुर न करता चाललं तर गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं. मनगटी घड्याळाला एवढं थांबायची गरज नव्हती, पण काकांचं म्हणणं, एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा असं केलं की माणूस घसरायला लागतो.

दुकान जिन्याखाली होतं. छप्पर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेलं, त्यामुळे काउंटरपाशी ताठ उभं राहता येई आणि आतल्या टोकाला गेलं की बसावंच लागे. कामाच्या टेबलाला तिन्ही बाजूंनी बोटभर कड होती, निसटलेला स्क्रू घरंगळून जाऊ नये म्हणून. पुढच्या बाजूला टेबलाला टाचलेलं एक कापड काकांच्या मांडीवर पसरलेलं असे. काही पडलंच तर त्यात पडे. उघडलेल्या घड्याळाचे भाग काचेच्या पालथ्या पेल्यांखाली आणि पेल्यांखाली चिठ्ठ्या. काका चिडत ते दोनच गोष्टींवर: "बघू" म्हणणाऱ्यांवर, आणि आपल्याआधी त्या घड्याळात हात घातलेल्या कारागिरावर. तो कारागीर कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, काही माहीत नसे. पण तो गाढव होता याबद्दल काकांना शंका नसे.

तर अशा या माणसाकडे एक दिवस हातभर उंचीचं, लाकडी पेटीचं, काचेच्या दाराचं घड्याळ आलं. आणणारी पन्नाशीची होती. घड्याळ मावशीचं आहे म्हणाली आणि चिठ्ठीसाठी तिने मावशीचं नाव सांगितलं. काकांच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली. मावशी म्हणजे बाई. प्राथमिक शाळेच्या बाई, ज्यांनी काकांना दुसरीत शिकवलं होतं आणि ज्यांचं वय आता अठ्ठ्याऐंशी होतं.

"घड्याळ बंद पडल्यापासून तिला झोप नाही," भाची म्हणाली. "टिकटिक नसली की घर रिकामं रिकामं वाटतं म्हणते. कधी मिळेल?"

यंत्र पार झिजलं होतं, एक चक्र नवीन कापून घ्यावं लागणार होतं. काकांनी पंचांग बघितल्यासारखा चेहरा करून चौथ्या गुरुवारची तारीख घातली आणि चिठ्ठी दोन्ही हातांनी पुढे केली. बाईंच्या बाबतीत त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे यायचे, छडी खायची सवय.

काम झकास झालं. यंत्र स्वच्छ धुतलं, नवी स्प्रिंग बसवली, टेबलावरच्या घोडीवर ते सुरेख टिकटिकायला लागलं. मधे भाची विचारायला आली तेव्हा काकांनी तिला नवी स्प्रिंग दाखवलीसुद्धा. एवढे दिवस रिकामी पेटी आतल्या टोकाला जमिनीवर, भिंतीला पाठ लावून उभी होती. ठरलेल्या गुरुवारच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी, काकांनी पेटीचं दार उघडलं आणि आत डोकावले.

खालच्या कोपऱ्यात, नेमकं लंबक झुलतो त्या जागेमागे, एक पांढरा ठिपका होता. शर्टाच्या बटणाएवढा, चपटा, कागदासारखा, लाकडाला घट्ट चिकटलेला.

"कापूस," काका कडाडले. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. "बघ, बघ. लंबक खडखडत असणार, तर लंबक नीट करायचा सोडून या गाढवाने मागे कापूस चिकटवला. याला कुणी शिकवलं असेल?"

शिंपी म्हणाला, "कुणाला?"

"होता कुणीतरी," म्हणून काकांनी चिमटा उचलला. आणि तो कापसाला लागायच्या आत कापसाची मालकीण उठली.

करड्या रंगाचा, उंदरासारख्या मऊ लवेचा, नखाएवढा कोळी होता तो. त्या पांढऱ्या ठिपक्याभोवती तलम रेशमाची एक खोली विणलेली होती, इतकी पातळ की भिंगाशिवाय दिसलीच नसती. त्या खोलीतून पुढचे दोन पाय वर करून ती चिमट्यासमोर उभी राहिली. चिमटा तिच्या चौपट होता. ती जागची हलली नाही.

काकांनी चिमटा खाली ठेवला. मग भिंग नीट बसवलं आणि गुडघ्यांवर आले. पाठीमागे शेवटाला दोन नळ्या, शेजारी शेजारी, पेन्सिलीच्या टोकांसारख्या. आठ डोळे दोन ओळींत, त्यातले मागच्या ओळीतले मधले दोन तिरके आणि चांदीसारखे चकचकीत. काकांनी तिला ओळखलं. अगदी हीच असं नाही म्हणता येणार, पण ही जात त्यांच्या ओळखीची होती.

गेली दोनतीन वर्षं दुकानाचं शटर ओढायच्या वेळी उंबऱ्याच्या फटीतून असा एखादा करडा कोळी बाहेर पडायचा आणि फरशीवरून सुसाट सुटायचा. हा जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसणाऱ्यातला नव्हता. याचं काम पायी. एकदा तर काकांनी दिवा मालवता मालवता थांबून याची एक लढाई बघितली होती. काउंटरखाली लांब तंगड्यांचा एक मोठा कोळी आपल्या जाळ्यात बसला होता. हा लहानगा सरळ त्याच्यावर चालून गेला, गर्रकन वळला आणि त्या दोन नळ्यांतून चिकट रेशमाचा पट्टा काढत त्याच्याभोवती धावायला लागला. मोठ्याचा एक पाय जमिनीला चिकटला, मग दुसरा. चार फेऱ्यांत त्या तंगड्यावाल्याचं गाठोडं झालं होतं. काका त्या दिवशी घरी उशिरा पोचले आणि का उशीर झाला ते बायकोला सांगितलं नाही.

आता सांगावंच लागलं. दुपारी डबा घेऊन बायको आली. वाकून पेटीत बघितलं, ताठ झाली आणि म्हणाली, "झाडू देऊ?"

"अंडी आहेत ती."

"म्हणूनच विचारते. एकाचे पन्नास व्हायच्या आधी."

"यंत्र बसवायचं तर पेटी पालथी घालावी लागेल. आतून स्क्रू आवळायचे. त्या धक्क्याने ती पिशवी फाटेल. आणि लंबक तिच्या अंगावरूनच जाणार."

"मग खरडून काढा आणि दुसरीकडे ठेवा."

"चिकटवलीय गं तिने. हात लावला की चुरगळते. मला माहीत आहे."

बायकोने डबा उघडता उघडता त्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिला ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्या दिवशी डबा खाता खाता काकांनी ती पहिल्यांदा सांगितली.

सात वर्षांचे असताना एका सकाळी शाळेच्या वाटेवर त्यांनी एक चपटा दगड उचलला. का उचलला? सात वर्षांचं पोर दगड उचलतं, त्याला का नसतं. खाली असाच करडा कोळी एका पांढऱ्या बटणावर बसला होता. पोरगं त्याच्यासमोर उकिडवं बसलं आणि वेळ विसरलं. शाळेची घंटा ऐकू आली तेव्हा दगड टाकला आणि धूम ठोकली. वर्गात बाईंनी विचारलं, उशीर का? पोराने खरं सांगितलं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दाखव." मधल्या सुट्टीत पोरगं पुढे आणि बाई मागे, असे दगडापाशी गेले. दगड उचलला. खाली काही नव्हतं. चुरगळलेलं पांढरं काहीतरी मातीला चिकटलं होतं आणि त्यातून मुंग्या ये-जा करत होत्या.

"सकाळी होता, बाई," पोरगं म्हणालं.

"खोटं बोलायचंच तर निदान पटेल असं बोलावं," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहिले दोन तास त्याला वर्गाबाहेर उभं केलं. पुढे शाळा सुटेपर्यंत पोरं त्याला कोळ्या म्हणत, आणि कोळ्या म्हणजे थापाड्या हे सगळ्यांना माहीत होतं.

"तेव्हाच मी ठरवलं," काका म्हणाले, "माझा शब्द खोटा निघाला असं परत कुणी म्हणता कामा नये. आणि आता त्याच बाईंचं घड्याळ."

बायको हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. "मग सरळ सांगून टाका की बाईंना, कोळ्याने अंडी घातली म्हणून."

"बाईंना हेच खरं सांगून एकदा फसलोय ना मी," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचा रागरंग बदलला. आधी मुंग्यांचा बंदोबस्त झाला. काकांच्याच डब्याच्या सांडलेल्या कणांवर एक रांग लागली होती आणि तिची एक फांदी पेटीकडे वळत होती. काकांनी पेटी श्वास रोखून बोटभर उचलली आणि चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची चार झाकणं पाणी भरून ठेवली. डबा यापुढे बाहेर पायरीवर बसून खायचं ठरलं. मग ठोक्यांचा प्रश्न आला. दुकानात भिंतीवर दहाबारा घड्याळं, आणि बारा वाजता सगळी एकदम बडवायला लागली की पेटीची काच थरथरायची आणि आतली ती पिशवीवर पाय आवळून घ्यायची. काकांनी सगळ्यांचे ठोके बंद केले.

गल्लीला ते फार जड गेलं. शिंप्याला अकराच्या ठोक्याला चहा सांगायची सवय होती. तो दुपारी दोनपर्यंत चहाविना बसला आणि एका गिऱ्हाइकाच्या विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून बसला. "ठोके कधी सुरू करणार?" तो ओरडला. "एका कोळ्यापायी माझा धंदा बसायचा."

"जमिनीवरचा कोळी आहे, साधासुधा नाही," काका म्हणाले. जशी काही ती त्यांच्या माहेरची होती.

बायको रोज यायची ती "तुमची ती कशी आहे?" असं विचारतच. चौथ्या दिवशी तिने हातातली पिशवी काउंटरवर ठेवली आणि आतून वाचनालयाचं एक जाडजूड पुस्तक काढलं. एरवी ती तिथून कादंबऱ्या आणायची. "कादंबऱ्या संपल्यात," म्हणाली. खोटं होतं ते. स्टुलावर बसून चष्मा लावून ती वाचायला लागली आणि काका घड्याळात डोकं घालून ऐकायला लागले. दिवसा हे कोळी दगडाखाली, सालीखाली नाहीतर अशाच एखाद्या सांदीत रेशमाच्या पिशवीत झोपतात आणि अंधार पडला की शिकारीला निघतात. जाळं नाही, सगळी भिस्त पायांवर आणि त्या दोन नळ्यांवर. अंडी घातली की आई तिथून हलत नाही.

"आणि हे ऐका," बायको म्हणाली. "काही जातींत मादी वयात यायच्या आधीच नर तिच्या दाराशी येऊन बसतो. शेजारी स्वतःची खोली विणतो आणि ती मोठी होईपर्यंत वाट बघतो. बघा. याला म्हणतात नवरा."

"पुढे काय होतं त्याचं?"

बायकोने पान उलटलं, वाचलं आणि पुस्तक मिटलं. "ते राहू दे," म्हणाली.

आई खरंच हलत नव्हती. ती दिवसेंदिवस बारीक होत होती. एकदा काकांनी काडीच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन तिच्यापुढे धरला. ती आधी पाय उगारून आली, मग थेंबाला तोंड लावून बराच वेळ तशीच राहिली. त्यानंतर रोज सकाळी पहिलं काम तेच. घड्याळात तेलाचा थेंब सोडायला एक्केचाळीस वर्षं कमावलेला हात असा कामाला आला.

पण गुरुवार काही कुणासाठी थांबत नाही. तो आला, आणि चिठ्ठी घेऊन भाचीही आली. काकांचे कान लाल झाले. "नवी स्प्रिंग मागवलीय, ती आली नाही," ते घड्याळांकडे बघत म्हणाले आणि तसं चिठ्ठीच्या पाठीवर लिहूनही दिलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा एक गिऱ्हाईक गुरुवारी रिकाम्या हाताने परत गेलं. शिंप्याने ते बघितलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. लोक दुकानावरून जाताना आवाज खाली करायला लागले, काका आजारी असावेत म्हणून. बाईंना झोप लागावी म्हणून काकांनी भाचीबरोबर एक गजराचं घड्याळ पाठवलं होतं. ते शुक्रवारी चिठ्ठीसकट परत आलं. चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: "नवी स्प्रिंग तू गेल्या महिन्यात बसवलीस. भाचीला दाखवलीस. सोबतचे घड्याळ परत पाठवत आहे. ते टिकटिकत नाही, ओरडते."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चिठ्ठी बायकोला दाखवली. ती म्हणाली, "अजून वेळ गेली नाही, खरं सांगा." काकांनी नकाराची मान हलवली आणि पुढच्या गुरुवारी भाचीकडे लिहून दिलं की प्रकृती बरी नसल्याने काम थांबले आहे. तासाभरात भाची परत आली. लाल अक्षरं आता मोठी झाली होती: "भाचीने तुला पाहिले. ठणठणीत आहेस. येत्या गुरुवारी चार वाजता मी स्वतः येते."

पुढचे सात दिवस काका जेवले का, झोपले का, विचारू नका. त्यांना कोळ्याची काळजी होती, पण त्याहून जास्त एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती: बाई येतील, ते पेटी उघडतील, आणि आत काही नसेल. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते बायकोला विचारत, "असेल ना गं ती?" आणि बायको म्हणायची, "कुठे जाणारे? तिला तुमच्यासारखं काम असतं का?"

गुरुवारी सकाळी काकांनी थेंब दिला तेव्हा ती होती. पिशवीचा रंग थोडा मळकट वाटला, पण ती होती. दुपारी त्यांनी भीतीने पेटीकडे बघायचंच सोडलं. चारला पाच मिनिटं कमी असताना बायको डब्याचं निमित्त करून येऊन बसली. बरोबर चार वाजता, ठोके बंद असतानासुद्धा, गल्लीला कळलं की चार वाजले, कारण काठीचा आवाज पायरीवर आला.

बाई केवढ्या लहान झाल्या होत्या. काउंटरवरून त्यांचा चष्माच काय तो वर दिसत होता. भाची मागे उभी होती.

"काय झालंय घड्याळाला?"

सहासष्ट वर्षांचे काका उठून हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "घड्याळाला काही नाही, बाई. घड्याळात कोळ्याने अंडी घातलीत."

समोर मशीन थांबलं. बाईंनी चष्म्यावरून काकांकडे नीट बघून घेतलं.

"वय काय तुझं?"

"सहासष्ट."

"साठ वर्षांत दुसरी सबब सुचली नाही तुला?"

म्हणजे बाईंना आठवत होतं. जवळजवळ साठ वर्षं, एवढी पोरं हाताखालून गेली, आणि त्यांना हेच आठवत होतं.

"दाखव," बाई म्हणाल्या.

भाची "अगं मावशी, गुडघे" म्हणेपर्यंत त्या काउंटरच्या फळीखालून आत आल्याही होत्या. उतरत्या छपराखाली त्यांना वाकावंसुद्धा लागलं नाही. बायकोने स्टूल पुढे सरकवलं. काकांनी पेटीचं दार उघडलं, दिवा धरला आणि आत बघितलं.

कोपऱ्यातली खोली रिकामी होती. पांढरं बटण होतं, पण सुरकुतलेलं, चपटं, आणि त्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. आई नव्हती.

"सकाळी होती, बाई," काका म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांच्याच कानावर आलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना रडूच यायला लागलं, सरळ सांगायचं तर. सहासष्ट वर्षांचा माणूस, चार गावांतून लोक ज्याच्याकडे घड्याळं घेऊन येतात, आणि तो दुसरीतल्या पोरासारखा ओठ दाबून उभा होता.

बाईंनी हात पुढे केला. "ते डोळ्यावरचं मला दे."

काकांनी भिंग काढून दिलं. बाईंनी चष्मा भाचीकडे दिला, भिंग डोळ्याशी धरलं आणि डोकं पेटीत घातलं. घोडीवर त्यांच्याच घड्याळाचं यंत्र टिकटिक करत होतं. पेटीतच, मागच्या फळीला टेकवून, काकांनी घड्याळाची पांढरी तबकडी उभी ठेवली होती.

"सात आणि आठच्या मधे काय चालतंय?" बाईंनी विचारलं.

काका वाकले. त्यांना नुसत्या डोळ्यांनी काही दिसेना.

"आणि हे चारवर. आणि हे बघ, दहाच्या आकड्यात एक बसलाय, आणि बाहेर निघायची वाट सापडत नाही त्याला." बाईंचा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा झाला होता. "पाय मोजता येतात रे. आठ. सगळ्यांना आठ. अगदी फिकट आहेत, दुधात बुडवून काढल्यासारखे. थांब, दिवा हलवू नकोस. सत्तावीस, अठ्ठावीस. तुम्ही सगळे जरा श्वास सोडू नका, उडतायत ते."

बायकोने तोंडावर हात धरला. शिंपी गळ्यात टेप घेऊन काउंटरला येऊन उभा होता, त्याने खरंच श्वास रोखला.

"एकतीस," बाई म्हणाल्या. "आणि ही आई. बिजागरीत बसलीय. काय अवस्था करून घेतलीय गं स्वतःची."

त्यांनी भिंग काढलं. त्या डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. तो त्यांनी चोळला, चष्मा लावला आणि काकांकडे बघितलं.

"म्हणजे तेव्हाही होता."

"हो, बाई."

"मग मला का दिसला नाही?"

"मी दगड उलटा ठेवला होता, बाई. वरची उंचवट्याची बाजू खाली. सगळं चिरडलं. गडबडीत." काकांनी नाक पुसलं. "घंटा झाली होती. तुमच्या तासाला उशीर होत होता म्हणून."

बाई स्टुलावरून उठल्या, काठी घेतली, फळीखालून बाहेर गेल्या आणि पायरी उतरल्या. घरी निघाल्या असं सगळ्यांना वाटलं. भाची मागोमाग धावली. पण बाई दुकानाच्या दाराशेजारी भिंतीला पाठ लावून, काठी दोन्ही हातांत धरून, ताठ उभ्या राहिल्या.

"मावशी, काय करतेस?"

"उभी राहते आहे. दिसत नाही?"

काका धावत बाहेर आले. त्यांची पाचावर धारण बसली होती. "बाई, बाई, असं नका करू. आत बसा. चहा सांगतो."

"तुला किती वेळ उभं केलं होतं?"

"ते जाऊ दे, बाई."

"किती वेळ ते विचारलं."

"पहिले दोन तास."

"तास पस्तीस मिनिटांचा असायचा," बाई म्हणाल्या. "दोन काही माझ्याने होणार नाहीत. आज एक होईल. वेळ लाव."

काकांनी आत बघितलं, बायकोकडे, मदतीला म्हणून. बायकोने मदत केली ती अशी, की खिळ्यावरून दुकानाचं मोठं घड्याळ उतरवलं. ते घड्याळ एक्केचाळीस वर्षं त्या खिळ्यावर होतं. बाकी सगळी त्याच्यावर लावली जात. तिने ते पुसलं, त्याला चावी भरली आणि भाचीच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा आजच्या आज," ती म्हणाली. "हे ओरडत नाही, टिकटिकतं. तुमचं तयार होईपर्यंत हे राहू दे."

काकांनी खांद्यावरचं फडकं टेबलावर टाकलं, बाहेर आले आणि बाईंच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. जाणारी येणारी माणसं बघत होती. कुणी विचारलं, की शिंपी गंभीरपणे सांगायचा, "शिक्षा चालू आहे." मधेच बाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, तेव्हा काकांनी हळूच कोपर पुढे केलं. बाईंनी ते धरलं, पण टेकल्या नाहीत.

"दुसरा तास पुढच्या गुरुवारी उभी राहीन," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. "तोवर घड्याळ होईल ना?"

काकांनी मान वळवून आत पेटीकडे बघितलं. दार उघडंच होतं. तबकडीवरून एका पिल्लाचा बारीकसा धागा हवेत तरंगत वर जिन्याकडे चालला होता, आणि बिजागरीत ती करडी अजून बसून होती.

"बघू, बाई," ते म्हणाले. "ती कधी निघते त्यावर आहे."

शिंप्याने डोळे मोठे केले. बायकोने दारातून डोकं बाहेर काढलं. बाईंनी फक्त मान हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागल्या, कारण तास संपायला अजून अकरा मिनिटं होती.